यॉर्कच्या वेशीआत
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणावरून)



"कामासाठी इंग्लंडला गेलात, पण पाहिलेत काय?" असे आपल्यापैकी पुष्कळजणींनी मला विचारले. कामाविषयी सांगण्याजोगे फारसे नाही. बैठका सगळीकडे सारख्याच. पण जून महिन्यात यॉर्कला सूर्य साडेनऊनंतर मावळतो आणि आमचे काम पाचला संपे. मधले साडेचार तास सर्वस्वी माझे! संसारी बाईला ही चैन केवढी, ते आपणांस सांगायला नको.

इ.स. ७१ मध्ये रोमनांनी येथे ठाणे वसवले. पुढे व्हायकिंग आले. त्यांची भाषा अजून रस्त्यांच्या नावांत आहे. येथे 'गेट' म्हणजे रस्ता आणि 'बार' म्हणजे वेस. "काल संध्याकाळी बूथम बारपाशी उभी होते," असे फोनवर सांगितले, तेव्हा सासूबाई क्षणभर गप्पच झाल्या! वेशींना जोडणारा जुना तट तीन किलोमीटरांहून अधिक टिकून आहे आणि त्यावरून फिरता येते.

शॅम्बल्स ही खाटकांची जुनी आळी. वरचे मजले इतके पुढे आलेले, की समोरासमोरच्या बायकांनी खिडकीतूनच विरजण द्यावे-घ्यावे. मांसावर ऊन पडू नये म्हणून म्हणे ही रचना. आता तेथे दुकाने आणि प्रवाशांची गर्दी. याच आळीत मार्गारेट क्लिदरो नावाची खाटकाची बायको राहत असे. कॅथलिक धर्मगुरूंना घरात आसरा दिल्याचा तिच्यावर आरोप होता. तिने न्यायालयापुढे बाजू मांडण्यासच नकार दिला, कारण खटला चालला असता तर तिच्या पोटच्या मुलांना साक्षीला उभे केले असते. १५८६ च्या मार्च महिन्यात तिला जमिनीवर निजवून अंगावर दार ठेवले आणि त्यावर दगड रचून मारले. १९७० साली तिला संतपद मिळाले. तिचे म्हणून जे घर दाखवतात, ते बहुधा तिचे नव्हेच. ती समोरच्या बाजूला राहत असावी. तरी मी त्या खोलीत बराच वेळ बसले. बाहेर मुले मिठाईसाठी हट्ट करीत होती.

मिन्स्टर या प्रचंड चर्चमध्ये जायला तिकीट पडते, पण सायंप्रार्थनेला मोफत जाता येते. काटकसरी बाईने हे ध्यानात ठेवावे! मी मात्र शेवटच्या सकाळी तिकीट काढून पुन्हा गेले, ते 'फाइव्ह सिस्टर्स' खिडकीसाठी. पाच उंच, अरुंद झरोके, तेराव्या शतकातल्या राखी-हिरवट काचेचे. रंगीत खिडक्यांपुढे प्रथम फिकी वाटते. मला तीच अधिक आवडली. पहिल्या महायुद्धात विमानहल्ल्याच्या भीतीने तिच्या काचा उतरवल्या होत्या. त्या पुन्हा बसवायला पैसा हवा होता, तो स्त्रियांनी वर्गणी काढून जमवला. १९२५ मध्ये ही खिडकी युद्धात मृत्यू पावलेल्या साम्राज्यातील स्त्रियांचे स्मारक झाली. जवळच ओकच्या फळ्यांवर त्यांची नावे लिहिली आहेत, हजाराहून अधिक. त्यांत परिचारिका आहेत, तशा दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबणाऱ्याही आहेत. वर्गणी गोळा करण्याचा खटाटोप आपल्या मंडळाला ठाऊक आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मी एकेक नाव वाचू लागले. दोन फळ्या झाल्या आणि गाडीची वेळ झाली.