ग्रहण म्हणजे सावलीच

कामं आवरली का? नसतील तर हात चालू द्या, फक्त कान इकडे द्या. आज आपल्याला सावलीबद्दल बोलायचंय.

आधी एक गंमत सांगते. मे महिन्याच्या ८-९ तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास, अंगणात वरवंटा उभा करून ठेवा आणि त्याची सावली शोधा. आपल्या कडेगावात ती सापडणार नाही. त्या वेळी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली वरवंट्याच्या बुडाखाली जाते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. ऑगस्टच्या ३-४ तारखेलाही असंच होतं, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं. पृथ्वी साडेतेवीस अंश कललेली आहे. म्हणून सूर्य वर्षभर थोडा उत्तरेला, थोडा दक्षिणेला सरकताना दिसतो. दिल्लीच्या बाईला तर तो बरोबर डोक्यावर कधीच दिसत नाही.

सावलीचा नियम एकच. उजेडाच्या आड काही आलं, की पलीकडे सावली पडते. रात्र म्हणजे तरी काय? आपण पृथ्वीच्याच सावलीत जातो. अमावस्येला चंद्र सूर्याच्या आड आला, की त्याची सावली आपल्यावर पडते, ते सूर्यग्रहण. पौर्णिमेला पृथ्वीची सावली चंद्रावर पडली, की चंद्रग्रहण. चंद्राची वाट जराशी तिरकी आहे, म्हणून दर महिन्याला ग्रहण होत नाही.

चंद्र आपल्याभोवती फिरतो कशामुळं? टेंभू योजनेचं पाणी आठवा. कृष्णेचं पाणी पंप लावून वर उचलावं लागतं, कारण पृथ्वी ते खाली ओढते. एकदा वर चढवलं, की पुढं उतारानं पाटात आपोआप वाहतं. हीच पृथ्वीची ओढ पावणेचार लाख किलोमीटरहून लांब असलेल्या चंद्राला धरून ठेवते. त्याची चाल ठरलेली आहे, म्हणून तर ग्रहणाची वेळ पंचांगात आधीच छापलेली असते.

आता माझी गोष्ट सांगते. १५ जानेवारी २०१०, संक्रांतीचा दुसरा दिवस. मला सातवा महिना होता. अकरानंतर ग्रहण लागलं, ते तीनच्या सुमारास सुटलं. सकाळपासून मी अंधाऱ्या खोलीत पडून होते. पाणी नाही, अन्न नाही. कूस बदलायची नाही, विळीला हात लावायचा नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटेल. शेवटी शेवटी जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांपुढं अंधारी आली. सासूबाई दाराशी बसून होत्या. त्यांनीही पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्यांचा जीव माझ्यात आणि बाळात अडकला होता, म्हणून त्यांच्यावर राग धरवत नाही.

मुलगी छान झाली. श्रेय मात्र त्या उपासाला गेलं!

पुढं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, की बाळाचा ओठ आणि टाळू पहिल्या तीन महिन्यांतच जुळून येतात. म्हणजे मी सातव्या महिन्यात ज्या ओठासाठी तहानेनं तळमळले, तो केव्हाच तयार झाला होता. सावलीनं ओठ फाटत नाही, बायांनो. रोज रात्री आपण सगळ्या सावलीतच झोपतो की. पण गरोदर बाईला तासन्‌तास पाणी मिळालं नाही, तर तिला चक्कर येते, अंगातलं पाणी कमी होतं. त्रास होतो तो त्यानं.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री चंद्रग्रहण होतं. जावेची सून पाच महिन्यांची गरोदर. ती तोंड मिटून बसली होती. सासूबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "तिला पाणी दे गं." मी तांब्या भरून दिला. कुणी काहीच बोललं नाही.

आता २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी, आपल्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास सूर्यग्रहण आहे. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रे, ताटातलं पाणी, यातूनही नाही. ग्रहणासाठीचा खास चष्मा लागतो. नसेल, तर सूर्याकडे पाठ करा, झारा उन्हात धरा आणि जमिनीवरची त्याची सावली बघा. एकेका भोकातून उजेडाची एकेक कोर पडलेली दिसेल. ढग आले तर आपलं नशीब!

ज्यांना देवाचं नाव घ्यायचंय त्यांनी जरूर घ्यावं. पण आपल्या गटात कुणी गरोदर असेल, तर त्या दिवशी तिच्या घरी एक चक्कर मारा. तिला जेवायला, पाणी प्यायला मिळतंय ना, एवढं बघा. तिच्या सासूशीही गोडीनं बोला, भांडू नका.

आणि त्याआधी मे महिन्यात वरवंटा तेवढा उभा करून बघा. येते, नमस्कार.