अरेंजर कीबोर्ड आणि आमचे वादक मित्र



वसंतातल्या या व्याख्यानमालेत राजकारण, अर्थकारण, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांवर बोलण्याची परंपरा आहे. अशा ठिकाणी आम्ही एका वाद्याची वकिली करावयास उभे आहो, आणि तेही विजेवर चालणाऱ्या वाद्याची. समोर पेटी, बासरी, व्हायोलिन वाजवणारे आमचे पुष्कळ मित्र बसलेले दिसतात. आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. 'अरेंजर कीबोर्ड एकदा घरी आणा आणि महिनाभर मन लावून वाजवून पाहा,' एवढेच आम्हांला त्यांना सांगावयाचे आहे. परंतु ते नुसते सांगून भागणार नाही. कारण या वाद्याविषयी त्यांच्या मनात अढी आहे, आणि ती अढी सर्वस्वी निराधार आहे असेही नाही.

प्रथम हे वाद्य म्हणजे काय, ते पाहू. बटण दाबले की आपोआप गाणे वाजवणारे खेळणे, अशी पुष्कळांची समजूत आहे. 'अरेंजर' हा शब्द मूळचा यंत्राचा नव्हे, माणसाचा आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात संगीतकार चाल बांधी. परंतु त्या चालीखाली व्हायोलिनांनी काय वाजवावे, दोन कडव्यांच्या मध्ये कोणते वाद्य केव्हा यावे, हे ठरवून कागदावर उतरवण्याचे काम संगीत संयोजकाचे असे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी या कामात फार मोठी कामगिरी केली. या कीबोर्डात त्या कामाचा एक लहानसा, साचेबंद अंश भरून ठेवलेला असतो. आपण डाव्या हाताने सा-ग-प धरले, की बास, गिटार, तंतुवाद्ये आणि ठेका त्या कॉर्डला धरून वाजू लागतात. म-ध-सा धरले, की सगळा ताफा तिकडे वळतो. उजवा हात चालीसाठी मोकळा. ध्रुवपदाकडे येताना 'फिल-इन'चे बटण दाबले की ठेक्यात उठाण येते, 'एंडिंग' दाबले की सगळे मिळून शेवट करतात. कोणती कॉर्ड, केव्हा आणि किती वेळ, हे मात्र वाजवणारानेच ठरवावे लागते. तेवढे डोके त्या यंत्राला नाही.

परक्या वाद्याला आपण पहिल्यांदाच तोंड देत आहो असे नाही. पेटी आज आपल्या देवघरापर्यंत पोहोचली आहे. परंतु तिचा जन्म एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसचा. आपल्याकडे पायाचा भाता जाऊन हाताचा भाता आला, आणि ती जमिनीवर मांडी घालून वाजवण्याजोगी झाली. तिच्या ठरीव सुरांवर विद्वानांचा एवढा राग होता, की १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला मज्जाव केला, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी कीर्ती मिळवली, आणि १९११ सालच्या 'मानापमाना'च्या चाली त्यांनीच बांधल्या. विद्वानांचे आक्षेप खोटे नव्हते. तथापि वाद्य चांगले की वाईट, याचा निकाल शेवटी वाजवणारांनीच लावला.

आता या नव्या वाद्यावरचे आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप सुरांचा. कीबोर्डाचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात, आणि आपल्या तानपुऱ्यातून उमटणारा गांधार त्यांत सापडत नाही, हे खरे आहे. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर तो गांधार कीबोर्डाच्या गांधारापेक्षा सुमारे १४ भागांनी उतरलेला असतो. परंतु जरा वरच्या प्रतीच्या अरेंजर कीबोर्डांत प्रत्येक सूर असा भागाभागाने चढवता-उतरवता येतो. षड्ज कोणत्या पट्टीत धरला ते सांगावे, गांधार १४ भाग खाली घ्यावा, आणि कानाने पडताळून पाहावे. अरबी संगीताला पाव सुरांवाचून चालत नाही. तेथील वादकांनी हे वाद्य नाकारले नाही, तर कंपन्यांना आपल्यासाठी निराळे कीबोर्ड काढायला लावले. भारतासाठी म्हणून काढलेल्या काही कीबोर्डांतही तबला, तानपुरा, सतार यांचे आवाज आणि आपल्याकडचे ठेके आले आहेत. मींडेचे दुःख मात्र उरतेच. सूर वाकवण्याचे चाक असते. पण चाक ते चाक, गळा तो गळा.

दुसरा आक्षेप असा, की कॉर्ड आली की राग गेला. यावर एक साधी युक्ती सांगतो. काही कीबोर्डांत, विशेषतः यामाहाच्या, फक्त षड्ज आणि पंचम धरले तर साथीतला गांधार गळून पडतो, आणि कोमल की शुद्ध हा तंटाच उरत नाही. मालकंसात पंचम वर्ज्य. तेथे षड्ज आणि त्याच्या वरचा षड्ज एवढेच धरावे, की साथ षड्जाभोवतीच फिरते. ख्यालाची बैठक या वाद्यावर करा, असे आम्ही म्हणत नाही. भावगीत, भक्तिगीत, नाट्यपद, लोकगीत एवढे क्षेत्र काय थोडे आहे?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांला योग्य वाटत नाही. हे यंत्र साथीदाराच्या पोटावर पाय देते. लग्नसमारंभांतून आणि ऑर्केस्ट्रांतून जेथे सहा-सात माणसे बसत, तेथे आज दोन बसतात, ही गोष्ट डोळ्यांआड करता येणार नाही. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जेथे ढोलकीवाला आहे आणि त्याला बिदागी देण्याची ऐपत आहे, तेथे यंत्राचा ठेका लावू नये. बऱ्याच कीबोर्डांत ठेक्याचा भाग बंद करून नुसता बास आणि तारांचा भाग चालू ठेवता येतो. मग ढोलकी माणसाची आणि भरणा यंत्राचा, असा संसार होऊ शकतो. ढोलकीवाल्याला यंत्राची लय धरून चालावे लागते, एवढी अडचण त्यात आहे. ती मान्य करूनच कामाला लागावे.

मग हे वाद्य खरोखर कोणासाठी? ज्याला साथीदार मिळतच नाहीत, त्याच्यासाठी. तालुक्याच्या शाळेत एकटाच संगीतशिक्षक असतो. एखाद्या होतकरूला चाल सुचते, पण आठ वादक जमवून ती ऐकण्याची सोय त्याला नसते. एखादा जुना वादक असतो. त्याचे सोबती एकेक करून गेलेले असतात आणि पेटी घडवंचीवर पडलेली असते. चाळीत रात्री दहानंतर पेटी उघडली तर शेजारी भिंत ठोकतात. येथे कानाला हेडफोन लावले की मध्यरात्रीही रियाझ होतो. गायकाची पट्टी काळी दोन असो वा पांढरी चार, एका बटणाने ती बदलते.

पण याहून मोठा लाभ निराळाच आहे. आमचे पेटीवाले मित्र जन्मभर गायकाच्या मागून चाल वाजवत आले. चालीखाली काय चालले आहे, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नाही. उजव्या हाताने एकच पंचम लांबवून धरा. खाली आधी सा-ग-प धरा, मग ग-प-नी, मग प-नी-रे. पंचम तोच, पण तिन्ही वेळा त्याचा चेहरा पालटतो. हे एकदा कानाला कळले, की वादक नुसता वादक राहत नाही. तो रचना ऐकू लागतो. मग पुन्हा जुन्या पेटीकडे गेला, तरी त्याचा हात अधिक शहाणा झालेला असतो.

मित्रांनो, शेकडो ठेक्यांच्या मोहात मात्र पडू नका. एकच ठेका आठवडाभर घ्या. त्यातला एकेक भाग बंद करून, काय गेले ते ऐका. तुम्हांला पाठ असलेले एक गाणे निवडा आणि त्याच्या कॉर्ड पुस्तकात न पाहता स्वतःच्या कानाने शोधा. वाद्य विकतच घेतले पाहिजे असे नाही. स्नेह्यांपैकी कोणाच्या तरी घरी मुलासाठी आणलेले एखादे कपाटावर धूळ खात पडलेले असतेच, ते मागून आणा. महिन्याने ते आवडले नाही, तर अवश्य परत करा, आणि आमच्याशी भांडायला या. त्या भांडणात तुमच्या बोलण्याला वाजवून पाहिलेल्या माणसाचे वजन असेल, आणि ते आम्ही आनंदाने ऐकून घेऊ.