परवडत नाही अशी दुरुस्ती

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून यापूर्वी संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि गेल्या खेपेस मधुमेहावर अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत. त्यांच्या मागोमाग जुन्या मोटारीची घरगुती दुरुस्ती हा विषय घेऊन उभे राहताना संकोच वाटतो. मी यंत्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर, आणि त्यानंतरची जवळजवळ तीन तपे केंद्र सरकारच्या फायलींत गेलेली. हाती पाना धरण्याचा प्रसंग पंचावन्नी उलटेपर्यंत आला नव्हता. परंतु आपल्या चिटणिसांचे म्हणणे असे पडले की, तज्ज्ञ मनुष्य आपल्याला कळेल अशा ठिकाणापासून आरंभच करीत नाही. तेव्हा ज्याला काहीच येत नव्हते त्यानेच हा विषय सांगावा. त्यांचा शब्द मोडवला नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण सरकारी नोकरीतले आहेत, म्हणून एका सरकारी शब्दापासून सुरुवात करतो. तो शब्द म्हणजे निर्लेखन. टेबल मोडले, पंखा फिरेनासा झाला, जीपचे इंजिन बसले, की समिती नेमली जाते. समिती वस्तूची पाहणी करते. 'दुरुस्ती आर्थिकदृष्ट्या परवडण्याजोगी नाही' असा शेरा पडतो आणि ती वस्तू जडसंग्रह नोंदवहीतून कमी होते. या शेऱ्यात गैर काही नाही. सरकारी पैसा हा लोकांचा पैसा आहे. १ एप्रिल २०२३ पासून तर पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणीच रद्द धरली जाऊ लागली, म्हणजे तेथे समितीला डोके खाजविण्याचेही काम उरले नाही.

परंतु हाच शेरा आपल्या या चंदीगडला केवढा महाग पडला, ते आपण जाणता. कॅपिटल कॉम्प्लेक्समधील सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा या इमारती ल कॉर्बुझिए यांनी उभ्या केल्या, तेव्हा त्यांचे चुलतभाऊ पिएर झाँनरे यांनी शहरातील कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेत यांच्या साध्या, भक्कम खुर्च्या करविल्या. पुढे त्यांचे वेत फाटले, पाय खिळखिळे झाले. स्टीलच्या आणि फोमच्या खुर्च्या आल्या. जुन्यांचे ढीग गच्चीवर व जिन्याखाली पडले आणि यथावकाश लिलावात मातीमोल भावाने गेले. परदेशातील व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, डागडुजी केली, आणि तिकडच्या लिलावांत एकेक खुर्ची लाखांच्या घरात विकली जाऊ लागली. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वस्तूंच्या विक्रीस व निर्यातीस मनाई केली, तोवर पुष्कळशा समुद्रापार गेल्या होत्या. या प्रकरणातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट निराळीच आहे. खुर्चीच्या पाठीवर कोणा कारकुनाने रंगाने घातलेला जो जडसंग्रहाचा क्रमांक असतो, जो पाहून आपल्याला ती ओंगळ वाटते, तोच तिकडे ती खुर्ची अस्सल असल्याचा पुरावा मानला जातो. तो पुसला की किंमत उतरते.

आता मोटारीकडे वळतो. आमच्या वडिलांनी १९८६ साली नाशकात प्रीमिअर पद्मिनी घेतली. ज्या तरुण मंडळींनी ती केवळ चित्रपटांत पाहिली असेल त्यांच्यासाठी सांगतो: सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या गाडीची ही भारतीय आवृत्ती तयार होई. पद्मिनी हे नाव तिला १९७४ पासून मिळाले. एक हजार एकोणनव्वद घनसेंटिमीटरचे चार नळ्यांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर, आणि चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. वडील गेल्यावर ती सात वर्षे नाशकाच्या घरी पत्र्याच्या शेडखाली उभी होती. धाकट्या बंधूंनी भंगारवाल्यास बोलाविले. त्याने वजनावर बावीस हजार सांगितले. बंधूंचेही चुकले नाही. तो निर्लेखनाचाच हिशेब होता, आणि त्या हिशेबाने त्याचा निर्णय बरोबर होता. मी मात्र गाडी ट्रकवर चढवून सुमारे दीड हजार किलोमीटर इकडे आणविली. चाकांवर आणण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती थांबत नव्हती. शिवाय वाटेत दिल्लीचा परिसर, जेथे पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालविण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली प्रतिबंध केला.

गाडी दारात आली की नवशिक्याची पहिली ओढ बॉनेट उघडण्याची असते, आणि दुसरी रंगाची. मनीमाजऱ्याच्या मोटार बाजारातील ज्या सरदारजींना मी उस्ताद मानतो, त्यांनी पहिल्या दिवशी बॉनेटला हातच लावू दिला नाही. चारी चाके काढावयास लावली. सात वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन पुष्कळदा वाचते, ब्रेक वाचत नाहीत. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, त्या ओलीने चाकांवरचे छोटे सिलिंडर आतून गंजतात, रबरी वायसर ताठरतात. बाहेरून सारे ठीक दिसते, पायाला पेडलही लागते, आणि ऐन वेळी ते खाली जाते. म्हणून चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि रबरी नळ्या नव्या घातल्या; ब्रेकमधली हवा काढताना पेडल दाबण्याचे काम सौभाग्यवतींनी केले, तीन रविवार. जुन्या ब्रेक शूच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ फुंकरीने किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. लोखंडी घोड्या लावल्याखेरीज मी मुलाला गाडीच्या जवळ येऊ दिले नाही.

त्यानंतर पत्रा. या गाडीला निराळी चौकट नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दारांखालचे पट्टे, पायाखालची जमीन आणि जॅक लावण्याच्या जागा सडल्या असतील, तर वरचा रंग कितीही तुकतुकीत असो, त्या गाडीत माणसे बसविणे हा गुन्हा आहे. टोकदार हत्याराने ठोकून पाहावे. जेथे खणखणीत आवाज येतो तेथे पत्रा आहे. जेथे भद्द आवाज येतो तेथे मागच्या कोणा कारागिराने भरलेली लांबी आहे. आमच्या गाडीत उजवीकडील पट्टा जवळजवळ लांबीचाच निघाला. तेथे कापून नवा पत्रा जोडला. येथे एक सूचना, विशेषतः माझ्यासारख्या कागदी घोड्यांच्या स्वारांसाठी: वेल्डिंग आणि रंग सुरू होण्याआधी चासी क्रमांकाची जागा हुडकावी, पेन्सिलने कागदावर त्याचा ठसा घ्यावा, आणि तेवढी जागा झाकून ठेवावी. तो क्रमांक एकदा लांबीखाली गेला की परिवहन कार्यालयात आपली गाडी आपली असल्याचे सिद्ध करणे फार अवघड.

इंजिनाचे त्या मानाने थोडक्यात सांगता येईल. जुने पेट्रोल काढून टाकले, प्लग काढून नळ्यांत थोडे तेल सोडून रात्रभर राहू दिले, आणि सकाळी वरचा गियर टाकून गाडी हळूच ढकलली. इंजिन फिरले. नवे तेल, नवे पॉइंट, साफ केलेला कार्बोरेटर, आणि अर्ध्या तासाच्या कुरकुरीनंतर ते सुरू झाले. खरी अडचण इंधनाची आहे. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक सर्वत्र झाले. ही गाडी त्यासाठी घडविलेली नव्हती. इथेनॉल पाणी धरते आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून पेट्रोलच्या सर्व नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घातला, आणि टाकीत पेट्रोल महिनोन्महिने साठवून ठेवीत नाही.

इथपर्यंत उस्तादांचे आणि माझे एकमत होते. मतभेद रंगापाशी झाला. ते म्हणाले, "साहब जी, शोरूम वरगी बणा दियांगे." त्यांचा हेतू निर्मळ होता, कारागिराला आपले काम झळकावे असे वाटणारच. परंतु डाव्या मागच्या चाकावर एक पोचा आहे. १९९१ साली आमच्या नाशकाच्या घराच्या फाटकाला गाडी घासली तेव्हाचा. हातमोजे ठेवण्याच्या कप्प्यात वडिलांची वही आहे. तीत प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, किलोमीटर आणि दर पेन्सिलीने मांडलेले आहेत, त्र्यंबकेश्वरच्या फेऱ्यांसह. पुढच्या सीटचे रेक्झिन फाटलेले होते. आमच्या मातुःश्री, ज्या आता आमच्याकडेच असतात, त्यांनी एवढेच विचारले की, "सगळं नवं घातलं तर मग ह्यांची कुठली?"

हा प्रश्न कॅपिटल कॉम्प्लेक्सवाल्यांनाही चुकलेला नाही. जुलै २०१६ मध्ये सात देशांतील कॉर्बुझिए यांच्या सतरा कृतींपैकी एक म्हणून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आपण पाहुण्यांना तेथे घेऊन जातो तेव्हा भिंतीजवळ जाऊन अवश्य पाहावे: काँक्रीट ओतताना लावलेल्या साच्यांच्या फळ्यांचे ठसे, लाकडाच्या शिरांसकट, त्यावर उमटलेले आहेत. त्या भिंतीला तडा गेला, आतली सळई गंजली, तर दुरुस्ती करावीच लागणार. पण वरून गुळगुळीत गिलावा फासला तर भिंत मजबूत होईल आणि इमारत हरवेल. मोटारीशी तर या दोघा बंधूंचे नाते जुने. १९३६ साली त्यांनी 'किमान मोटार' म्हणून एका लहान, स्वस्त गाडीचा आराखडा स्पर्धेसाठी केला होता. ती त्यांच्या हयातीत काही रस्त्यावर आली नाही. आणि तेथला तो उघडा हात, सुमारे सव्वीस मीटर उंचीचा, कॉर्बुझिए यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९८५ साली उभा राहिला. त्याचा पत्रा नंगलच्या भाक्रा धरणाच्या कार्यशाळेत हातांनी घडविला गेला, आणि तो वाऱ्यासरशी आपल्या आसावर फिरतो. डेंटिंग आणि बेअरिंग! उस्तादांना मी हे सांगितले तेव्हा ते प्रथमच माझ्याबरोबर तो हात पाहावयास आले. आणि बराच वेळ त्याच्या जोडांकडे पाहत राहिले.

शेवटी आमचा समेट असा झाला. ज्यावर जीव अवलंबून आहे ते सर्व नवे: ब्रेक, टायर, नळ्या, विजेच्या तारा, सडलेला पत्रा. ज्यावर केवळ शोभा अवलंबून आहे ते जमेल तितके जुने. जोडलेल्या जागी जुन्या छटेचा रंग मारला, उरलेला पॉलिश केला. पोचा राहिला, त्याखाली गंज नाही एवढी खात्री करून घेतली. रेक्झिन आतून पट्टी लावून शिवले. खर्च सव्वा लाखाच्या आसपास गेला, म्हणजे भंगाराच्या भावाच्या पाचपटीहून अधिक. समितीसमोर हे प्रकरण आले असते तर शेरा ठरलेलाच होता.

एक गोष्ट मात्र जुनी ठेवता आली नाही. परराज्यातील वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाचे तर येथला क्रमांक घ्यावा लागतो. वडिलांच्या नावावरून माझ्या नावावर करण्यासाठी नमुना एकतीस, नाशकाच्या ना-हरकत प्रमाणपत्रासाठी नमुना अठ्ठावीस, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नमुना पंचवीस, आणि योग्यतेची तपासणी. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ साली पाच हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजार. विंटेज म्हणून सवलत मागावी, तर २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी वाहन पन्नास वर्षांचे हवे. आमची गाडी २०३६ साली पात्र ठरेल, तेव्हा मला निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली असतील. गाडी नाशकाच्याच पत्त्यावर दाखवून जुना क्रमांक राखावा, असे एका हितचिंतकांनी सुचविले. ज्याने आयुष्यभर इतरांचे पत्ते तपासले त्याने हे करणे मला शोभले नसते. 'एम' अक्षराने सुरू होणारी ती जुनी पाटी आता बैठकीच्या खोलीत आहे आणि गाडीवर चंदीगडची पाटी आहे. मातुःश्रींनी दोन्ही वाचून पाहिल्या आणि नवा क्रमांक वडिलांच्या वहीत पुढच्या ओळीवर लिहून ठेवण्यास सांगितले. मी तो पेन्सिलीनेच लिहिला.

सुट्या भागांविषयी काहीजणांनी सभेपूर्वी विचारले. पद्मिनीचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले. मुंबईत तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर भाग मुबलक मिळत. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची टॅक्सीही गेली, तेव्हा आता शोधावे लागतात. आमच्या डाव्या मागच्या दाराची काच फिरविण्याची मूठ अद्याप मिळालेली नाही. दिवाळीत मुंबईस कोणी जाणार असल्यास कृपया सभेनंतर मला भेटावे. उजव्या दाराची मूठ मी नमुन्यादाखल खिशात घालून आणली आहे.