जाळीवरची मागील बाकी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील स्नेहमेळाव्यात बेळ्ळंदूर येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने मराठी संस्कृतीच्या भवितव्यासारखा एखादा भारदस्त विषय घ्यावा, अशी प्रथा आहे. कार्यवाहांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही 'गॅसच्या ग्रिलची साफसफाई' असे सांगितले. ते क्षणभर थांबले, आणि निमंत्रणपत्रिकेत त्यांनी 'काही अनुभव' एवढेच छापले. त्यांच्या सौजन्याबद्दल आम्ही आभारी आहोत. विषय मात्र तोच आहे.

आमची नोकरी केंद्र सरकारच्या हिशेबखात्यातील. गेली तीस वर्षे आम्ही दुसऱ्यांच्या वह्यांतील 'मागील बाकी' तपासत आलो. मागील पानावरून पुढे ओढलेली रक्कम मुळात कोणी, कधी आणि कशासाठी खर्ची घातली, हे कोणालाच सांगता येत नाही, असा अनुभव पुष्कळदा येतो. ग्रिलच्या जाळीवरचा चिकटा ही तशीच बाकी आहे. कोजागिरीच्या बांगड्याचे कातडे, नाताळातील पनीरचा मसाला, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या कोंबडीची चरबी, हे सारे एकावर एक साचते आणि शेवटी त्याला कोणी धनी उरत नाही.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पत्र्याची किंवा अॅल्युमिनियमची एक पेटी. तिच्या तळाशी तीन लांबट बर्नर. त्यांवर उताराचे, कौलासारखे पत्रे, म्हणजे तेल सरळ ज्योतीवर न पडता बाजूने ओघळावे. त्यांवर बिडाची जाळी, वर झाकण, आणि सर्वांत खाली ठिबकलेले तेल धरणारी ताटली. शेजारी सिलिंडर. चार वर्षांपूर्वी इथल्या वीसबावीस मराठी कुटुंबांनी वर्गणी काढून हे ग्रिल आणले आणि ते आमच्या संकुलाच्या हिरवळीच्या कोपऱ्यात उभे राहिले. वांगी भाजून भरीत करायचे, कणसे भाजायची, एवढाच प्रथम बेत होता. पुढे शाकाहारी आणि मांसाहारी अशा दोन जाळ्यांवरून जो वाद झाला तो मंडळाच्या इतिहासात नोंदण्यासारखा आहे. परंतु तो पुन्हा उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. शाकाहारी जाळीला तांबडी तार बांधून तो मिटला.

एक गोष्ट मात्र नोंदवलीच पाहिजे. घरी चहाचे भांडेही न विसळणारे आम्ही पुरुष ग्रिलपाशी मोठ्या उत्साहाने उभे राहतो. हातात चिमटा, कमरेला अॅप्रन! पदार्थ संपले की चिमटा जाळीवर तसाच राहतो आणि मंडळी गाण्यांच्या भेंड्यांकडे वळते. वर्षभर असेच चालले. खालची ताटली उपसायची असते, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही आले नाही.

गेल्या डिसेंबरात एका तरुण स्नेह्यांनी सुचविले की, झाकण लावून ग्रिल मोठ्या आचेवर पंधरावीस मिनिटे नुसते तापवावे. सारी घाण जळून तिची भुकटी होते. सल्ला योग्यच होता. अमेरिकेत ते तसे करीत असत, आणि आजही आम्ही तसेच करतो. पण तेथे ते आधी ताटली रिकामी करीत असतील. येथे ती काठोकाठ भरलेली होती. दहा मिनिटांत झाकणाच्या कडेने काळा धूर आला, आणि मागोमाग ज्वाळा. खाण्याचे तेल सव्वादोनशे अंशांच्या आसपास धुरू लागते आणि साडेतीनशेच्या पुढे ठिणगीवाचूनही पेटते. एक गृहस्थ पाण्याची बादली घेऊन धावले. आम्ही त्यांचा दंड धरला. पाणी तेलापेक्षा जड. ते जळत्या तेलाच्या तळाशी जाते आणि तेथे त्याची वाफ होते. वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे सतराशे पट! ती वर येताना पेटते तेल सभोवार उडविते, आणि चार हातांवर मुले खेळत होती. सिलिंडरची चावी बंद केली, झाकण तसेच मिटलेले ठेवले, मुलांना दूर नेले. जळायला होते तेवढे जळून आग आपोआप निवली. कोणालाही इजा झाली नाही, म्हणून रात्री घरोघर त्याचा विनोदच झाला.

इजा दुसऱ्या दिवशी झाली, आणि ती आमच्या हातून.

जळका लगदा पाहून आम्ही बाजारातून तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करण्याची दाहक पावडर आणली आणि संकुलात झाडलोट करणाऱ्या बाईंना देऊन 'हिने घासून टाका' असे सांगितले. हातमोजे दिले नाहीत. ते सुचलेही नाही. ती पावडर म्हणजे कॉस्टिक सोडा. तो चरबीचा साबण करतो हे खरे, पण हाताच्या कातडीखालीही चरबीच असते, आणि तो तेथेही तेच काम करतो. शिवाय अॅल्युमिनियमला तो खातो. त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. संध्याकाळी पाहिले तो पेटीला काळे खड्डे पडलेले, आणि बाईंच्या दोन्ही हातांची बोटे लाल होऊन सोललेली. डॉक्टरांकडे नेले. आठवडाभर त्यांना काम करता आले नाही. त्या दिवसांची मजुरी आम्ही दिली. त्यात औदार्य काही नव्हते.

पट्टी बदलून आणल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, त्या पावडरीनं हात लई पोळले. आमच्याकडं असलं काळं राखेनं घासतेत."

आम्ही चकित होऊन विचारले, "तुम्हांला मराठी येतं?"

"घरी तेच बोलतो की. भालकीकडची हाय मी."

भालकी हा बीदर जिल्ह्यातील तालुका. तेथे घरोघर मराठी बोलली जाते. बाई तीन वर्षे आमच्या संकुलात झाडत होत्या. आम्ही त्यांच्याशी मोडक्यातोडक्या कन्नडात बोलत होतो, आणि त्या सभ्यपणे त्याच भाषेत उत्तर देत होत्या. त्याच संकुलात आम्ही दर महिन्याला परप्रांती मराठी बोलणारी माणसे भेटत नाहीत म्हणून हळहळत होतो. आमच्या एकाही गणेशोत्सवाचे निमंत्रण त्यांना गेले नव्हते.

राखेचे म्हणणे आम्ही पडताळून पाहिले. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते; ओल्या राखेने ओशट भांडे घासले की त्या चरबीचा थोडा सौम्य साबण तेथेच तयार होतो, आणि राखेचे कण कीट खरवडतात. कॉस्टिक सोड्याचेच हे सौम्य भावंड. आपल्या आया आणि आज्या हेच करीत होत्या. मग गॅस आला, चूल गेली, आणि चुलीबरोबर राखही गेली. तिच्या जागी भुकट्या आल्या. कृत्रिम धुलाई पावडर आपल्याकडे १९५९ साली 'सर्फ'च्या रूपाने आली, आणि १९६९ मध्ये निघालेल्या 'निरमा'ने ती पुढे सामान्य घरापर्यंत नेली. त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. आमचे शर्ट त्यांनीच पांढरे केले. पण त्या फेसाचे पुढे काय होते, हे बेळ्ळंदुरात राहणाऱ्याला पुस्तकात वाचावे लागत नाही.

आपला तलाव सुमारे नऊशे एकरांचा. शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात येत राहिले, त्यात साबणपावडरींतील द्रव्ये आणि तेलकटपणा. सांड्यावरून पाणी कोसळताना ते घुसळले जाई आणि यमलूरच्या रस्त्यावर पुरुषभर उंचीचा फेस येई. मे २०१५ मध्ये त्या फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा आग लागली. जानेवारी २०१८ मधील आग विझविण्यास लष्कराचे सुमारे पाच हजार जवान उतरले होते. पाण्याला आग लागल्याची बातमी ऐकून पुण्याच्या आमच्या बहिणीने दूरध्वनीवर विचारले होते, "दादा, तुम्ही नेमके कुठे राहता?" हिरवळीवरील नळाखाली धुतलेल्या जाळीचे पाणी पावसाच्या गटारातून त्याच तलावात जाते, तेथून वर्तूर तलाव, मग दक्षिण पिनाकिनी, आणि तमिळनाडूतून कडलूरजवळ समुद्र. घरातल्या मोरीत धुतली तर तेल संकुलाच्या तळघरातील शुद्धीकरण यंत्रात जाऊन तेथल्या उपयुक्त जिवाणूंचा श्वास कोंडते. म्हणून पहिला नियम आम्ही असा ठरविला की, तेल पाण्याला भेटूच द्यायचे नाही.

आता प्रत्यक्ष रीत. पदार्थ संपल्यावर लगेच, जाळी कोमट असतानाच कामाला लागावे. तेव्हा पाच मिनिटांत होते ते दुसऱ्या दिवशी तासाभरात होत नाही. प्रथम ताटली. तेल गार झाले की त्यात लाकडाचा भुसा किंवा फाडलेली रद्दी घालावी, ते शोषले की पुडी बांधून कचऱ्यात द्यावी. ताटली रिकामी झाल्यावरच झाकण लावून दहापंधरा मिनिटे तापवावे, आणि तेवढा वेळ जवळ उभे राहावे. मग गॅस बंद करून, जाळी हाताला सोसेल इतकी निवल्यावर घासावी. घासण्यास तारेचा ब्रश नको. त्याची बारीक तार तुटून जाळीला चिकटते आणि अन्नाबरोबर पोटात जाते. अमेरिकेतील र्‍होड आयलंडच्या एका रुग्णालयात अशा सहा रुग्णांची नोंद २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. नारळाची शेंडी मुठीत धरावी, ओल्या राखेत बुडवावी आणि घासावे. राख आमच्या गल्लीतील इस्त्रीवाल्याकडे मिळते. तो अजून कोळशाची इस्त्री वापरतो. हातमोजे घालावेत. राख सौम्य असली तरी तासभर हात तीत ठेवण्यासारखी नव्हे. दगडासारखी झालेली खरपुडी राखेनेही निघत नाही. तिला कालथ्याने खरवडावेच लागते, तेथे राखेचे गोडवे गाऊन उपयोग नाही. शेवटी ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून, बिडाच्या तव्याला लावतो तसा तेलाचा बोळा फिरवावा, म्हणजे गंज चढत नाही. उताराचे पत्रे महिन्यातून एकदा खरवडले तरी पुरे.

बर्नरचे प्रकरण निराळे आहे. आपल्यापैकी जुन्या सभासदांना पितळी स्टोव्हची पिन आठवत असेल. सहलीला गेल्यावर पिन घरी राहिली की कांदेपोह्यांची आशा सोडावी लागे. ती सवय येथे कामाची नाही. गॅसच्या तोंडाचे छिद्र मोजून पाडलेले असते. पिन घालून ते मोठे झाले की ज्योतीचे मान बिघडते. बर्नरच्या अंगावरची भोके तेवढी मऊ ब्रशाने साफ करावीत. हवा आत घेणाऱ्या नळीत मात्र डोकावून पाहावे. तेथे कोळी जाळे करतो आणि आपल्याकडे कुंभारीण माती आणून घर बांधते. मार्च महिन्यात आमच्या मधल्या बर्नरची ज्योत निळीची पिवळी झाली आणि जाळीवर काजळी धरू लागली; नळीत पाहिले तो कुंभारणीची तीन मडकी! हवा कोंडली की गॅस उलटून नळीच्या तोंडाशीही पेटू शकतो. रबरी नळीच्या जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी ओढून कधीही पाहू नये. आणि पेटविताना झाकण नेहमी उघडे असावे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड आहे. तो उडून न जाता पेटीच्या तळाशी साचतो.

यांतले काहीही अवघड नाही. अवघड होते ते हे काम कोणी करायचे, एवढेच. गेल्या जानेवारीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी 'त्यासाठी माणूस ठेवा' असे सुचविले. त्या वेळी आम्हांस अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण झाली. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम मागितले. ते ब्राह्मण कैद्याला देता येत नाही म्हणून नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले, आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपोषण आरंभिले. ग्रिलच्या जाळीसाठी एवढे मोठे नाव घेणे शोभत नाही, हे आम्ही जाणतो. बैठकीत ते घेतल्यावर दोघे हसलेही. परंतु ठराव झाला. ज्याने ग्रिल पेटविले त्यानेच त्या रात्री ते साफ करायचे, आणि वहीत वेळ घालून सही करायची. वही आमच्याकडे असते. आजवर अठ्ठावीस नोंदी आहेत. त्यांपैकी तीन ठिकाणी सही आहे पण ताटली भरलेली सापडली. हिशेबतपासनिसाला हे प्रमाण चांगले वाटते.

भालकीच्या बाईंची बोटे बरी झाली. उजव्या तर्जनीवर एक पांढुरका डाग राहिला आहे. यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आल्या होत्या. त्यांनी आणलेले तिळगूळ आपल्यापेक्षा कडक होते, आणि अधिक चांगले होते. आम्ही त्यांची क्षमा मागितली तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. शेंगदाण्याच्या कुटाचे प्रमाण मात्र आमच्या पत्नीला त्यांनी सविस्तर सांगितले.

येत्या शनिवारी दुपारी चार वाजता दोन्ही जाळ्या उतरवून वर्षाची सफाई करायची आहे. भुसा आणि राख आमच्याकडे आहे. येताना प्रत्येकाने नारळाची एक शेंडी आणि जुने हातमोजे आणावेत. तांबड्या तारेची जाळी कोणी घासायची, हे आधीच ठरलेले आहे.