पाण्याच्या आसऱ्याचा कुरंग

1752 मध्ये ज्या मोझांबिकचा कारभार गोव्यापासून विभक्त झाला होता, त्या मुलुखातील नदीकाठच्या कुरणांत, श्रोतेहो, वॉटरबक नावाचा धिप्पाड कुरंग आजही कळपाने चरतो. पार्श्वभागावर शुभ्र वर्तुळ, नराला वळ्यावळ्यांची शिंगे, अंगाला तेलकट, उग्र दर्प. तृषा त्याला अन्य कुरंगांइतकी सोसवत नाही, म्हणून तो जलाशयापासून फार दूर जात नाही, आणि सिंह मागे लागला की थेट पाण्यात शिरतो; तेथे मगरी असतात, हा भाग वेगळा! त्याच्या दर्पाला गुरांत रोग पसरवणारी त्सेत्से माशी टाळते, हे ध्यानी घेऊन केनियातील संशोधकांनी त्या गंधातील द्रव्यांचे पट्टे गुरांच्या गळ्यात बांधले.