गोळीची वेळ आणि पेजेचा घास



आज एकाच प्रश्नावर बोलतो. फ्लू किंवा कोविडसारखा आजार पार्किन्सनच्या रुग्णाला इतका महाग का पडतो?

२०२० साली पडुआ आणि लंडन इथल्या तज्ज्ञांनी कोविड झालेल्या दहा पार्किन्सन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सरासरी वय ७८, पार्किन्सन सरासरी बारा वर्षांहून जुना. त्यांतले चौघे दगावले. एवढ्याशा संख्येवरून सगळ्यांचं भाकीत करू नये, हे खरं. पण आपण वॉर्डात जे पाहतो त्याच्याशी ते जुळतं.

चवथीला घर माणसांनी भरतं. पाऊस असतो, एकाला सर्दी झाली की घरभर फिरते. काल खळ्यात फिरणाऱ्या आजोबांना आज खाटेवरून उठवत नाही. घरच्यांना वाटतं, कंपवातच, म्हणजे पार्किन्सनच, बळावला. खोकला नसेल, ताप जेमतेम असेल, तरी अशा वेळी आधी संसर्ग शोधा. संसर्गात हालचाल मंदावते, भ्रम होतो, नेहमीचा डोस अपुरा पडतो. छातीचे स्नायू आधीच ताठर, खोकला दुबळा; त्यामुळे कफ सुटत नाही. पार्किन्सनमध्ये मृत्यूचं मोठं कारण न्यूमोनिया आहे, आणि त्यातला बराचसा, घास श्वासनलिकेत गेल्याने होतो.

इथे आपली पेज आठवते. ताप आला की निवळ, म्हणजे पेजेवरचं पातळ पाणी, पाजायची ही आपली रीत. पण ज्याचं गिळणं बिघडलंय त्याच्या घशातून पातळ निवळ झरकन चुकीच्या वाटेला जाते, आणि कित्येकदा ठसकाही लागत नाही. उकड्या तांदळाची पेज घोटून दाट करा. रुग्णाला ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान. पहिला घोट गिळल्याशिवाय दुसरा नको.

उपचारातही आपलाच हात आड येतो. ओकारीवर मेटोक्लोप्रमाइड, गरगरण्यावर प्रोक्लोरपेराझिन, रात्री बडबडतो म्हणून हॅलोपेरिडॉल: तिन्ही डोपामिनचाच मार्ग अडवतात. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं कफ सिरप देऊ नका. दुकानातून परस्पर आणलेली बाटलीही पाहायला मागा.

पार्किन्सनचं मुख्य औषध लेवोडोपा तर एकाएकी थांबवूच नये. तसं झालं तर ताप भडकतो, अंग लाकडासारखं ताठ होतं, जीवही जाऊ शकतो. गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीतून द्या. मात्र सावकाश विरघळणारी गोळी कुटू नका, तिच्या जागी साधी गोळी हिशेबाने बसवा.

पावसाळ्याआधी, मे महिन्यातच फ्लूची लस टोचून घ्या, हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो. कोविडच्या दिवसांत आपण ज्यांना गमावलं, त्यांच्यासाठी एवढं तरी आपण करायला हवं.

एक ठराव मी मांडतो. पेडण्याहून रुग्ण म्हापशाच्या रुग्णालयात, तिथून बांबोळीच्या रुग्णालयात जातो. या प्रवासात आणि कॅज्युअल्टीतल्या ताटकळण्यात दोन डोस सहज हुकतात. म्हणून आपल्या प्रत्येक संदर्भ-चिठ्ठीच्या माथ्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: लेवोडोपाची शेवटची गोळी कधी दिली, पुढची किती वाजता द्यायची, आणि कोणती औषधं वर्ज्य. गोळ्यांची पाकिटं रुग्णाबरोबर जातील, हे अॅम्ब्युलन्स निघण्याआधी तपासावं. हा ठराव आज दुपारच्या सत्रात मताला टाकावा, ही माझी विनंती.