मैदानाबाहेर उभा असलेला माणूस

(संस्थेच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हांला ‘नेतृत्व’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. नेतृत्व म्हटले की आपल्यासमोर मंच, माईक आणि हार येतात. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसून पासबुके भरणारे आणि चलने तपासणारे कारकून. पुढारी होण्याचा योग कधी आला नाही आणि खेळाच्या बाबतीतही आम्ही शाळेत बाराव्या गड्याच्या पुढे कधी सरकलो नाही. परंतु क्रिकेटचे वेड मात्र आहे. म्हणून आज पुढाऱ्यांविषयी न बोलता खेळाच्या प्रशिक्षकांविषयी बोलावे असे ठरवले. प्रशिक्षक हा मोठा चमत्कारिक नेता असतो. सारी जबाबदारी त्याची, पण सामना सुरू झाला की तो सीमारेषेच्या बाहेर. त्याला एकही चेंडू खेळता येत नाही. जिंकले तर फोटो खेळाडूंचा, हरले तर प्रश्न त्याला.

सुरुवात मात्र प्रशिक्षक न मिळालेल्या माणसापासून करतो. पालवणकर बाळू हे नाव इथल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे, विद्यार्थ्यांना कदाचित नसेल. चांभार समाजात १८७६ साली जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपये पगारावर खेळपट्टीची कामे करीत असे. तिथले नामांकित फलंदाज ग्रेग साहेब सरावासाठी त्याच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेत आणि आपल्याला बाद केले की आठ आणे देत, असे सांगतात. त्या आठ आण्यांवर आणि त्या तासांवर बाळू घडला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्याच्या त्या नेटमध्ये त्याच्या हाती कुणी कधी बॅट दिली नाही. हिंदू संघाला त्याचे बळी हवे होते, चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या भांड्यात. संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. तो इतिहास निराळा, आज तो उगाळत नाही.) सांगायचा मुद्दा एवढाच की, ज्याच्याकडून नुसते राबवून घेतले जाते आणि ज्याला घडवले जाते, या दोघांत फरक असतो. नेटमध्ये चेंडू टाकून घेणारे पुष्कळ भेटतात. ‘आता तू बॅट धर’ असे म्हणणारा लागतो.

असे म्हणणारा एक माणूस दादरच्या शिवाजी पार्कवर होता. रमाकांत आचरेकर सर. जन्म मालवणचा, १९३२ चा. आम्हां बँकवाल्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ते स्टेट बँकेच्या संघाचे खेळाडू. प्रथम श्रेणीचा सामना त्यांच्या वाट्याला अवघा एक आला, १९६३-६४ च्या मोईन-उद-दौला स्पर्धेतला, तोही बँकेच्याच संघातून. म्हणजे खेळाडू म्हणून त्यांचे नाव कुणाच्या लक्षात राहण्याचे कारण नव्हते. पण चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, बलविंदरसिंग संधू, प्रवीण अमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर आणि अर्थात सचिन तेंडुलकर, ही सारी त्यांच्या हाताखालची मुले. १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० साली पद्मश्री, आणि २ जानेवारी २०१९ रोजी निधन.

सचिनला त्याचा थोरला भाऊ अजित सरांकडे घेऊन गेला तेव्हा पोर अकरा वर्षांचे होते. सर समोर उभे राहिले आणि मुलगा बावरला. काही केल्या खेळता येईना. सर म्हणाले, अजून लहान आहे, नंतर आणा. तेव्हा अजितने विनंती केली की आणखी एक संधी द्या, पण तुम्ही निघून गेल्यासारखे करा आणि लांबून पाहा. सरांनी ऐकले. ते दूर जाऊन, काहीजण सांगतात झाडाआडून, बघत राहिले. सर दिसेनासे झाले आणि मुलगा मोकळेपणाने खेळू लागला.

मित्रहो, आम्ही ही हकिकत किती वेळा वाचली असेल, पण दर वेळी आम्हांला त्या मुलापेक्षा त्या झाडाआडच्या माणसाचे नवल वाटते. समोर नापास झालेल्या मुलाला पुन्हा तपासायचे आणि त्यासाठी आपण बाजूला व्हायचे. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना हे जमेल? आपण तर पोरांच्या वक्तृत्व स्पर्धेतही मध्येच माईक ओढून घेतो.

सरांची शिकवण्याची रीत अगदी साधी होती. दिवसभराच्या खेळाने सचिन दमला की शेवटी यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे. मैदानभर मुले क्षेत्ररक्षणाला, कुठेही झेल उडाला तरी बाद. जो बाद करील त्याला नाणे, नाबाद राहिला तर नाणे सचिनचे. अशी तेरा नाणी त्याने जन्मभर जपून ठेवली. दमलेल्या माणसाची एकाग्रता कशी टिकवायची यावर आज व्यवस्थापनशास्त्राचे जाड जाड ग्रंथ निघतात. सरांचे काम रुपयात झाले. वांद्र्याच्या शाळेत क्रिकेट नव्हते, तर मुलाला शारदाश्रम विद्यामंदिरात घालायला लावले. उन्हाळी सुट्टीच्या साठ दिवसांत पंचावन्न सामने खेळवले. एका मैदानावर बाद झाला की स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. सामना नसेल तर सामना शोधून द्यायचा. आमच्या मते सरांचे खरे कर्तृत्व या स्कूटरमध्ये आहे. उपदेश सगळेच करतात, पेट्रोल कोण घालतो?

एकदा सचिन ठरलेला सामना सोडून वानखेडेवर वरच्या वर्गाच्या मुलांचा अंतिम सामना पाहायला गेला. सरांनी तिथेच एक थप्पड दिली आणि सुनावले की, दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असा खेळ. ही गोष्ट सगळे मोठ्या कौतुकाने सांगतात. त्यातील बोल आम्हांला मान्य आहेत, थप्पड नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी शाळेच्या दाराबाहेर बसून मार खाल्ला, त्यांच्या नातवंडांना शिकवताना हात उगारू नये, मग समोर कितीही मोठ्या गुरूचे उदाहरण असो.

दुसरी गोष्ट कौतुकाची. सरांनी सचिनला कधी ‘छान खेळलास’ म्हटले नाही. मुलगा हुरळून जाईल, ही भीती. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिनने ते बोलून दाखवले. एकोणतीस वर्षांत सर एकदाही ‘वेल प्लेड’ म्हणाले नाहीत, आता पुढे सामनेच नाहीत, तेव्हा आता म्हणायला हरकत नसावी, अशा अर्थाचे. आमच्या घरी टीव्हीसमोर बसलेल्या सगळ्यांचे डोळे ओले झाले होते. पण त्याच सचिनने हेही सांगितले आहे की, सर खूष असले की वडापावला पैसे द्यायचे. पोराला कळायचे. म्हणजे कौतुक होते, फक्त ते चारचौघांत नव्हते. आणि घरी एक भाऊ होता, जो शब्दाने धीर देत होता. हे दोन्ही न पाहता काही मंडळी नुसते ‘कौतुक करू नये’ एवढेच उचलतात. त्या मंडळींत आम्हीही होतो. ते पुढे सांगतो.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य फेरी. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची. सर मैदानावर नव्हते. डाव घोषित करा असा त्यांचा निरोप होता आणि दोन्ही पोरे सहायक प्रशिक्षकांच्या खुणांकडे बघायलाच तयार नव्हती. शेवटी फोनवर सरांशी बोलणे झाले. कांबळीला साडेतीनशेला एकच धाव हवी होती, पण सरांनी डाव घोषित करायलाच लावले, असे सांगतात. सामना संघाचा होता.

या दोघांपैकी एकाची कारकीर्द कुठवर गेली ते सांगायला नको. दुसऱ्याने १७ कसोट्यांत ५४ ची सरासरी ठेवली आणि १९९५ नंतर त्याला कसोटी मिळाली नाही. सर तेच, मैदान तेच. प्रशिक्षकाच्या हातात सगळेच असते असे नाही, हेही नमूद करून ठेवतो.

परंतु आज आम्हांला बोलायचे आहे ते त्या दिवशी पॅड बांधून बाहेर बसलेल्या तिसऱ्या मुलाविषयी. पुढचा फलंदाज, वय तेरा. दोन दिवस बसून राहिला, बॅट हाती घ्यायची पाळीच आली नाही. त्याचे नाव अमोल मुजुमदार. पुढे मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात त्याने २६० केल्या. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, ३० शतके. भारताच्या संघात मात्र एकदाही निवड नाही. द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या काळात जन्मला, एवढाच अपराध. असा माणूस कडवट झाला असता तर कुणी दोष दिला नसता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्याकडे भारतीय महिला संघ आला. २०२५ च्या विश्वचषकात हा संघ साखळीत ओळीने तीन सामने हरला. चोहोकडून टीका झाली. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. तेव्हा मुजुमदारांनी लंबेचौडे भाषण केले नाही. फळ्यावर एवढेच लिहिले की, आपल्याला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त करायची आहे. मधल्या एका सामन्यात वगळलेली जेमिमा रॉड्रिग्ज त्या दिवशी नाबाद १२७ खेळली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या मुली विश्वविजेत्या झाल्या आणि कर्णधार हरमनप्रीत कौर मैदानातच त्यांच्या पाया पडली. जो भारताकडून कधीच खेळला नाही, त्याच्या पाया. दोन दिवस पॅड बांधून बसलेल्या पोराला बाहेर बसलेल्यांची तगमग पुरेपूर ठाऊक असणार, असे आमचे आपले मत.

सरांचे दुसरे शिष्य चंद्रकांत पंडित यांची कथा थोडक्यात सांगतो. १९९८-९९ च्या मोसमात मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते बंगळूरला रणजीचा अंतिम सामना हरले. तेवीस वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून त्यांनी मध्य प्रदेशला पहिल्यांदा करंडक मिळवून दिला, आणि हरवले कुणाला तर मुंबईला. त्याआधी आपल्या विदर्भाला, ज्याला कुणी खिजगणतीत धरत नव्हते, ओळीने दोन वर्षे जिंकवले. शिस्त अतिशय कडक. नवख्या पोरांच्या संघात ती लागू पडली, तर आयपीएलमधल्या कोलकात्याच्या व्यावसायिक संघात परदेशी खेळाडूंना रुचली नाही असे पुढे बाहेर आले. म्हणजे एकच किल्ली सगळ्या कुलपांना चालत नाही.

आता आमचे स्वतःचे सांगतो. आपल्या संस्थेच्या हॉलमध्ये संध्याकाळी अभ्यासिका चालते आणि बँकेच्या परीक्षेचे मार्गदर्शन आमच्याकडे असते, हे आपण जाणताच. चार वर्षांपूर्वी तिथे एक मुलगा येत असे. गणितात हुशार, इंग्रजीत कच्चा. तीनदा परीक्षा दिली, तिन्ही वेळा थोडक्या गुणांनी गेला. त्या वर्षीच्या गुणगौरव समारंभात, याच मंचावरून, पास झालेल्यांचे सत्कार उरकल्यावर आम्ही त्याचे नाव घेऊन म्हणालो, ‘आणि तू अजून किती वर्षे बसणार आहेस?’ लोक हसले. आम्हांला वाटले, पोराला टोचणी लागेल आणि तो जिद्दीने उठेल. सरांचा कडकपणा आमच्या डोक्यात होता. सरांची स्कूटर नव्हती, झाड नव्हते, वडापाव नव्हता. त्याची आई पहिल्याच रांगेत बसली होती, हे आम्ही पाहिलेच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. आम्ही दोन महिने ‘येईल, येईल’ करीत राहिलो. घरी गेलो नाही. मागल्या वर्षी स्टेशनवर शेअर रिक्षात बसलो आणि आरशात पाहिले तर तोच. ‘काका, जय भीम’ म्हणाला. भाडे घेतले, सुटे परत दिले. आम्ही उतरून पायरीवर बराच वेळ उभे होतो. रिक्षा चालवणे कमीपणाचे नाही, आमचे वडील हमाली करीत. पण त्याला ती त्याच्या मर्जीने चालवायची होती की आमच्या त्या एका वाक्यामुळे, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

त्यानंतर अभ्यासिकेत काही बदल केले आहेत, त्यांची माहिती देऊन थांबतो. सराव परीक्षेचे गुण फळ्यावर लिहिणे बंद केले. ज्याची चूक त्याला चिठ्ठीवर लिहून त्याच्याच हातात देतो. इंग्रजीचा तास आता आमच्याकडे नाही, गेल्या साली परीक्षा पास झालेली आपलीच एक विद्यार्थिनी तो घेते आणि आम्ही मागच्या बाकावर बसतो. पहिले काही दिवस मध्येच बोलण्याची सवय जाईना. तिने एकदा ‘सर, मी सांगते ना’ म्हणून गप्प केले तेव्हा गेली. परगावी परीक्षा केंद्र आले तर मुलांच्या एस.टी.च्या भाड्याची तरतूद कार्यकारिणीने करावी, असा अर्ज अध्यक्षांकडे दिला आहे, त्यावर अजून निर्णय व्हायचा आहे.

दिवाळीच्या आधी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. माफी मागितली. त्याने चहा दिला, फारसे बोलला नाही. परीक्षेला बसण्याचे त्याचे वय अजून दोन वर्षे आहे. तो अद्याप आलेला नाही. सराव परीक्षा दर रविवारी सकाळी सात ते नऊ असते, रिक्षाच्या धंद्याला ती वेळ अडत नाही. आपल्यापैकी जे त्याच्या रिक्षाने जातात त्यांनी वेळ तेवढी त्याच्या कानावर घालावी. आमचे नाव सांगू नये.

जय भीम.